गाडीतले हे सगळे डबे एकमेकांशी बोलतात तरी कसे? (आणि एक गप्प झाला की बाकीचे का बोंबलतात)

स्टेपनी

गाडी आता बरीच जुनी झालीय पण इंजिन ठणठणीत आहे म्हणून बदलायचं मनात नाही. हल्ली एक नवीनच खूळ सुरू झालंय. गाडी धुतली की किंवा पावसातून लांबचा पल्ला मारला की अचानक एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा, ट्रॅक्शनचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा सगळे एका दमात पेटतात, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर, क्रूझ बंद आणि स्टिअरिंगही नेहमीपेक्षा वेगळं लागतं. इंजिन मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू. मग कधी तासाभराने कधी दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप जागेवर. गॅरेजवाला म्हणतो एबीएसचं मॉड्यूल, स्टिअरिंगचं मॉड्यूल आणि मीटर, तिन्ही गेलंय, तिन्ही बदला. आता तीन ठिकाणच्या तीन वस्तू एकाच क्षणी मरतात आणि एकाच क्षणी जिवंत होतात हे काही माझ्या पचनी पडेना. स्कॅनर लावला तर यू०१२१ हाच कोड दोन-तीन मॉड्यूलमधे दिसतो.

कुणीतरी नीट समजावून सांगा की गाडीतले हे ईसीयू (म्हणजे ठिकठिकाणी बसवलेले छोटे कॉम्प्युटर, हेच ते डबे) आपसात बोलतात कसे. आणि माझं मत विचाराल तर पूर्वी गिअरबॉक्सपासून काट्यापर्यंत एक केबल असायची, तुटली की बदलायची, विषय संपला. हा नेटवर्कचा उद्योग सांगितला होता कुणी?

काडेपेटी

बॉशने सांगितला होता. पळतो आता.

बिटबायट

काडेपेटी गमतीत बोलले पण खरं आहे ते. बॉशमधे १९८३ साली यावर काम सुरू झालं आणि १९८६ मधे डेट्रॉईटला एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या परिषदेत त्यांनी कॅन जगापुढे मांडलं, म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्क. पुढच्याच वर्षी इंटेल आणि फिलिप्सच्या कॅनच्या चिप बाजारात आल्या.

स्टेपनी, केबलबद्दल बोललात म्हणून विचारतो, वेग कळायची गरज फक्त काट्याला आहे का? गाडीचा वेग इंजिनच्या ईसीयूला हवा (क्रूझसाठी), स्टिअरिंगच्या मोटरला हवा (सावकाश असताना हलकं, वेगात जड करायला), ऑटो गिअरबॉक्सला हवा, दारं आपोआप लॉक करणाऱ्या डब्याला हवा, म्युझिकचा आवाज वेगानुसार वाढवणाऱ्यालाही हवा. प्रत्येकाला स्वतंत्र तार ओढली तर तारांचा भारा दाराच्या खांबातून जाणार नाही. म्हणून पीळ घातलेल्या दोन तारा, कॅन-हाय आणि कॅन-लो, आणि त्यावर सगळे डबे समांतर लटकवलेले.

आता खरी गंमत. या तारेवर 'अमक्याने तमक्याला' असा निरोप जातच नाही. ही दवंडी आहे. एबीएसचं मॉड्यूल चाकांच्या सेन्सरवरून वेग काढतं आणि सेकंदाला कित्येक वेळा तारेवर ओरडतं की 'वेग इतका'. संदेशाला फक्त एक आयडी असतो, तो आयडी सांगतो की आत काय माहिती आहे. ज्याला हवी तो उचलतो, बाकीचे सोडून देतात. एबीएसला माहीतही नसतं की कोण ऐकतंय. उद्या गाडीत नवा डबा बसवला तर एबीएसमधे काडीचाही बदल न करता तो तोच संदेश ऐकू शकतो.

म्हणून तुमच्या गाडीत बहुतेक एकच जण गप्प होतोय, आणि त्याच्या जिवावर बसलेले सगळे बोंब मारतायत. यू०१२१ चा अर्थच 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला' असा आहे. यू ने सुरू होणारे कोड नेटवर्कचे असतात आणि ते नोंदवणारा डबा सहसा निर्दोष असतो, तो फक्त तक्रारदार. तुमच्या गॅरेजवाल्याने तक्रार करणाऱ्यांनाच आत टाकलंय.

अर्धविराम

शेवटचं वाक्य फ्रेम करून गॅरेजमधे लावा. +१

शंकासूर

पण एकाच तारेवर सगळे ओरडतात तर दोघं एकाच वेळी ओरडले तर? दोघांचाही चिवडा होणार ना?

निळी छत्री

शंकासूर, हा प्रश्न विचारलात म्हणून आज टंकनाचा कंटाळा सोडते. माझं कामच हे आहे, गाड्यांच्या नेटवर्कची टेस्टिंग.

तारेवर दोनच अवस्था असतात. ० म्हणजे डॉमिनंट आणि १ म्हणजे रिसेसिव्ह. एकाने ० टाकला आणि दुसऱ्याने १ टाकला तर तारेवर ० दिसतो, कायम. बोलणारा प्रत्येक डबा बोलता बोलता तारही ऐकत असतो. आता समजा दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली, एकाचा आयडी ०००१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ००१० ने. पहिले दोन बिट सारखे, कुणालाच काही कळत नाही. तिसऱ्या बिटाला पहिला ० टाकतो, दुसरा १ टाकतो पण त्याला तारेवर ० ऐकू येतो. त्याला तिथेच कळतं की माझ्यापेक्षा महत्त्वाचा कुणीतरी बोलतोय. तो त्या क्षणी गप्प. आणि पहिल्याला या सगळ्याचा पत्ताही नाही, त्याचा एक बिटसुद्धा खराब झालेला नाही, तो पुढे बोलत राहतो. हरलेला त्याचं संपलं की पुन्हा प्रयत्न करतो.

जुन्या पद्धतीच्या ईथरनेटवर (कॉम्प्युटर जोडायचं नेटवर्क) टक्कर झाली की दोघांचेही संदेश वाया जायचे आणि दोघंही थोडा वेळ थांबून पुन्हा यायचे. इथे टक्कर होते पण नुकसान होत नाही. जितका आयडी लहान तितका मान मोठा. मला विचाराल तर या सगळ्या प्रोटोकॉलमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच, इतकी वर्षं रोज ऑसिलोस्कोपवर (तारेवरचे सिग्नल दाखवणारा पडदा) बघते तरी कंटाळा आलेला नाही.

शंकासूर

देखणी आहे खरी. पण मग ज्याचा आयडी सगळ्यात मोठा तो बिचारा उपाशीच मरेल की. मोठी माणसं बोलतच राहिली तर?

निळी छत्री

मरू शकतो. म्हणून बसवर (बस म्हणजे ही सगळ्यांची सामाईक तार) किती गर्दी करायची यावर डिझाईनवाले डोळ्यात तेल घालून बसतात. ५०० केबीपीएसवर (सेकंदाला ५०० हजार बिट) ८ बाइटचा एक पूर्ण संदेश साधारण पाव मिलिसेकंदात संपतो, त्यामुळे माणसाच्या हिशोबाने सगळं लगेचच वाटतं, पण ब्रेकच्या हिशोबाने नाही. सगळ्यात वाईट परिस्थितीत एखादा संदेश किती उशिरा पोचेल याचं गणित टिंडेल आणि बर्न्स वगैरे संशोधकांनी १९९४ च्या सुमारास मांडलं, उद्योगात ते सर्रास वापरात आलं, आणि २००७ मधे लक्षात आलं की काही परिस्थितीत ते गणित चुकीचा, म्हणजे कमी उशीर दाखवतं. ते सुधारणाऱ्यांच्यात बर्न्स स्वतःही होते.

काडेपेटी

म्हणजे तेरा वर्षं गाड्या चुकीच्या गणितावर पळत होत्या 🙂 आणि स्टेपनीरावांना काळजी एबीएसच्या दिव्याची.

निळी छत्री

काडेपेटी, काडी ओली आहे तुमची. ती चूक बस गच्च भरलेली असताना आणि ठरावीक जुळणीतच बाधायची, आणि प्रत्यक्षात बस इतकी भरत नाहीत.

जुना वायरमन

तुम्ही लोक गणित करा, मी मीटर काढतो. स्टेपनीसाहेब, स्वतः करण्यासारखं पहिलं काम सांगतो. गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडीचं सॉकेट (स्कॅनर लावायची जागा) असतं, त्यात ६ नंबरला कॅन-हाय आणि १४ नंबरला कॅन-लो. त्या दोन पिनांमधे ओहम मोजा. बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही समांतर म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आलं तर एका टोकाचा संपर्क तुटलाय. शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्यात. ते रेझिस्टर टोकाच्या कुठल्या तरी दोन डब्यांच्या पोटात असतात, बहुतेक वेळा एक इंजिन ईसीयूत, दुसरा मीटरमधे किंवा एबीएसमधे, कंपनीप्रमाणे बदलतं.

मग बॅटरी जोडून, चावी ऑन करून दोन्ही पिनांचं व्होल्टेज अर्थिंगच्या सापेक्ष बघा. गप्प बसवर दोन्ही तारा अडीच व्होल्टला असतात, बोलताना हाय साडेतीनपर्यंत वर आणि लो दीडपर्यंत खाली जाते. साध्या मीटरला एवढं भराभर दिसत नाही, तो सरासरी दाखवतो, म्हणून हायला अडीचपेक्षा किंचित जास्त आणि लोला किंचित कमी दिसलं की समजायचं बोलणं चालू आहे.

मॉड्यूल बदलायच्या आधी मीटर. मॉड्यूलपेक्षा कनेक्टर, अर्थिंग आणि मरतुकडी बॅटरी हेच जास्त वेळा चोर निघतात.

बिटबायट

वायरमनकाका, सगळं मान्य, पण एक कलम घाला. अलीकडच्या गाड्यांमधे ६ आणि १४ वर जे मोजता ती गाडीची खरी बस नसतेच. मधे गेटवे (वेगवेगळ्या बसमधला द्वारपाल डबा) बसलेला असतो, तो स्कॅनरसाठी वेगळी बस बाहेर काढतो. तिथे तुम्हाला झकास ६० दिसेल आणि आत पॉवरट्रेनच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या) बसची वाट लागलेली असेल. अशा गाडीत सॉकेटवर मोजून काढलेला निष्कर्ष शून्य किमतीचा.

जुना वायरमन

बरोबर. म्हणून तर आधी वायरिंगचा नकाशा बघायचा. पण ते स्वतः म्हणतायत गाडी बरीच जुनी आहे, जुन्यात गेटवे सहसा नसतो, थेट बस येते. आणि मोजायला जातंय काय, दहा मिनिटं.

डिझेलदादा

बिटबायट, 'अमक्याने तमक्याला असं नसतंच' हे सरसकट नका सांगू हो. ते तुमच्या चिल्लर गाड्यांचं. आमच्या ट्रकवर जे१९३९ (कॅनवर बोलायचे अवजड वाहनांचे ठरलेले नियम) चालतं, त्यात आयडी २९ बिटांचा आणि त्यातले शेवटचे ८ बिट म्हणजे बोलणाऱ्याचा पत्ताच. इंजिन म्हणून कोण बोलतंय, ब्रेक म्हणून कोण, स्पष्ट कळतं. काही संदेशांत ऐकणाऱ्याचाही पत्ता असतो.

आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे सगळं उघड छापलेलं आहे. इंजिनचे फेरे ६१४४४ नंबरच्या गटात, चौथ्या आणि पाचव्या बाइटमधे, एक आकडा म्हणजे ०.१२५ आरपीएम. कुठल्याही कंपनीचं इंजिन घ्या, कुठल्याही कंपनीचा मीटर लावा, चालतं. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, बोटी सगळीकडे. कारवाले मात्र प्रत्येक मॉडेलचा वेगळा गुप्त शब्दकोश घेऊन बसतात.

बिटबायट

दादा, मान्य, जे१९३९ कॅनच्या वर चढवलेला थर आहे, पत्ता त्या थराने घातलाय. खालच्या कॅनला तो अजूनही नुसता आकडाच वाटतो, तो त्यावरून कुणाला आत घेत नाही की बाहेर काढत नाही. खोटा पत्ता लावून कुणीही बोलू शकतं.

निळी छत्री

आणि तो गुप्त शब्दकोश म्हणजे डीबीसी फाईल. कुठल्या आयडीत कितव्या बिटापासून किती बिट, बाइट उलटे की सुलटे, कितीने गुणायचं, किती मिळवायचं. ती फाईल नसेल तर तारेवर दिसतात नुसते आकडे. ती हातात असेल तर तेच आकडे म्हणजे ब्रेकचं प्रेशर. हौशी लोक एकेक बटण दाबून कुठला बाइट हलतो ते बघत बघत स्वतःची डीबीसी बनवतात. चिकाटीचं काम आहे.

मधलीसुट्टी

माझ्याकडे तो ब्लूटूथचा छोटा डोंगल आहे, त्यात तर कुठलीही फाईल न देता आरपीएम दिसतात. मग गुप्त कसलं?

निळी छत्री

ते वेगळं खातं आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे ठरावीक माहिती सगळ्यांना एकाच पद्धतीने द्यावीच लागते. डोंगल ७डीएफ या आयडीवर प्रश्न टाकतो, इंजिन ईसीयू सहसा ७ई८ वर उत्तर देतं. आरपीएमसाठी दोन बाइट येतात, पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवायचा आणि ४ ने भागायचं. ही प्रश्नोत्तरं झाली. गाडीचे डबे आपसात मात्र कुणी न विचारता बोलत असतात, आणि ते छापलेलं नसतं.

जुना वायरमन

मधलीसुट्टी, तो डोंगल गाडी उभी असताना काढून ठेवत चला. सॉकेटच्या १६ नंबरला कायम बॅटरी असते, तो रात्रभर जागा राहतो. आणि काही डोंगल प्रश्न विचारत राहून गाडीच्या डब्यांनाही झोपू देत नाहीत. चावी काढल्यावर सगळी बस हळूहळू झोपायला पाहिजे, करंट वीस-तीस मिलिअँपिअरवर यायला पाहिजे. एक जण जरी 'मी जागा आहे' म्हणत राहिला तरी बाकीचेही जागे राहतात आणि सकाळी स्टार्टर नुसता टिकटिक करतो. असल्या गाड्यांची बॅटरी बदलून बदलून लोक थकतात.

मधलीसुट्टी

बापरे. काढला.

शंकासूर

स्टेपनींच्या गाडीत 'आपोआप बरं होतं' याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. तार खराब असेल तर खराबच राहायला हवी ना.

निळी छत्री

दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे ओल वाळते आणि संपर्क परत येतो, ते सरळ आहे. दुसरं जास्त मजेशीर. प्रत्येक डबा स्वतःच्या चुका मोजत असतो. पाठवताना चूक झाली की मोजणी ८ ने वाढते, एक संदेश नीट गेला की १ ने कमी होते. १२७ च्या वर गेलं की त्याला दुसऱ्यांच्या संदेशात मोडता घालायची मुभा राहत नाही. २५५ च्या वर गेलं की तो स्वतःच बसवरून बाजूला होतो, याला बसऑफ म्हणतात. म्हणजे बिघडलेला डबा सगळ्यांचं बोलणं बंद पाडण्याआधी स्वतःच तोंडाला कुलूप लावतो. मग त्याला परत यायचं असेल तर बस शांत असल्याच्या ११-११ बिटांच्या १२८ खेपा मोजाव्या लागतात, आणि परत यायचा प्रयत्न लगेच करायचा की पुढच्या वेळी चावी फिरवल्यावर, हे त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. म्हणून कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी.

बिटबायट

हे ८ वाढ आणि १ घट फार हुशारीचं आहे. अधूनमधून एखादी चूक झाली तर माफ, पण सातत्याने चुकणारा बाहेर. आणि चूक ओळखण्यासाठीही कॅन किती नाकं लावून बसलंय बघा, १५ बिटांचा सीआरसी (संदेश नीट पोचला का ते पडताळणारा आकडा), ऐकणाऱ्यांनी द्यायची पोच, सलग पाच बिट सारखे आले की सहावा मुद्दाम उलटा घालायचा नियम, तो मोडला की चूक.

कुलूपकिल्ली

सगळे कॅनचं कौतुक करताय म्हणून थोडं मीठ टाकतो. तारेवर बोलणारा कोण आहे हे कॅन विचारतच नाही. १९८६ मधे ते ठीक होतं, तारेपर्यंत पोचायचं तर गाडी उघडावी लागायची. पुढे गाडीला मोबाईलचं कनेक्शन आलं. २०१५ मधे चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक यांनी एक जीप चेरोकी लांबून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. शिरले करमणुकीच्या स्क्रीनमधून, तिथून कॅनवर. त्यानंतर अमेरिकेत १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आणि आता तर चोरांना इंटरनेटचीही गरज नाही. २०२३ मधे केन टिंडेल यांनी लिहिलेलं विश्लेषण वाचा (वर निळी छत्री यांनी ज्या टिंडेलचं नाव घेतलं तेच). त्यांच्या ओळखीच्या इयान टेबर नावाच्या सुरक्षा संशोधकाची टोयोटा चोरीला गेली होती. चोर बंपर ओढून हेडलाइटच्या कनेक्टरपर्यंत पोचतात, तिथे कॅनच्या तारा असतात, त्यावर आपला डबा लावतात आणि 'खरी चावी जवळ आहे, कुलूप उघड' असा संदेश ओरडतात. गाडी विश्वास ठेवते.

काडेपेटी

हेडलाइटला कॅनची तार कशाला लागते पण? बल्ब लावायचा आणि बंद करायचा.

कुलूपकिल्ली

आता तो बल्ब राहिला नाही. वळणावर फिरणारा, समोरून गाडी आली की तेवढाच भाग विझवणारा दिवा आहे, त्याला स्टिअरिंगचा कोन, वेग, कॅमेऱ्याची माहिती सगळं हवं. उपाय असा की हेडलाइटच्या बसवरचे चावीचे संदेश गेटवेने पुढे जाऊच द्यायचे नाहीत, आणि महत्त्वाच्या संदेशांना गुप्त किल्लीने काढलेली सही जोडायची. पण ८ बाइटमधे वेग घालायचा की सही? म्हणून सही कापून छोटी करावी लागते.

निळी छत्री

त्यासाठी २०१२ मधे आलेलं कॅन एफडी (कॅनचीच सुधारलेली आवृत्ती) कामाला येतं, त्यात ६४ बाइट मावतात. आणि त्याचा वेग वाढवायची युक्ती फार छान आहे. जुन्या कॅनला १ एमबीपीएसच्या (सेकंदाला दहा लाख बिट) वर का जाता येत नाही? कारण आयडीची चढाओढ चालू असताना एका टोकाचा बिट दुसऱ्या टोकाला पोचून त्याचं उत्तर परत यायला हवं, तेही एका बिटाच्या वेळात. म्हणून १ एमबीपीएसला बस साधारण ४० मीटरच्या आत ठेवावी लागते. पण चढाओढ संपली की बोलणारा एकटाच उरतो, मग कुणासाठी थांबायचं? एफडी तिथून गिअर बदलतं, मधला डेटा कित्येक पट वेगाने ढकलतं आणि शेवटी पोच घ्यायला पुन्हा सावकाश होतं.

शंकासूर

मग सरळ ईथरनेटच का नाही टाकत सगळीकडे?

बिटबायट

टाकतायत. कॅमेरे आणि रडारच्या डेटापुढे कॅन म्हणजे थेंब थेंब नळ. गाडीतलं ईथरनेट एकाच पिळाच्या जोडीवर १०० एमबीपीएस किंवा त्याहून जास्त चालतं. पण त्यात दोघांमधे एक तार, मधे स्विच, त्याचा खर्च. आरसा फिरवायला किंवा काच खाली घ्यायला ते कोण लावेल? तिथे तर कॅनही महाग पडतं म्हणून लिन लावतात, एक तार, २० केबीपीएस, एक मालक विचारतो आणि नोकर उत्तर देतात. मधे फ्लेक्सरे येऊन गेलं, १० एमबीपीएस, प्रत्येकाची बोलायची वेळ आधीच ठरलेली, २००६ मधे बीएमडब्ल्यूच्या एक्स५ मधे सस्पेन्शनसाठी आलं. तांत्रिकदृष्ट्या सुरेख, पण वेळापत्रक जुळवताना इंजिनिअर लोकांचे केस पांढरे. माझ्या मते कॅन अजून बरीच वर्षं कुठे जात नाही.

निळी छत्री

असहमत. मुख्य रस्त्यावरून कॅन जाणार. आता गाडीचे कोपरे करून प्रत्येक कोपऱ्याला एक मोठा डबा आणि त्यांच्यामधे ईथरनेट अशी रचना येतेय, कॅन त्या कोपऱ्यातल्या गल्लीत राहील. शिवाय १० एमबीपीएसचं एकाच तारेवर अनेक डबे लटकवता येणारं ईथरनेटही आलंय, ते नेमकं कॅनच्या जागेवर डोळा ठेवून आहे.

बिटबायट

गल्लीत राहील म्हणजे राहीलच ना 🙂

स्टेपनी

अरे बापरे, एवढी चर्चा. सगळं दोनदा वाचलं, निम्मं कळलं. रिपोर्ट देतो.

वायरमनकाकांनी सांगितल्यासारखं बॅटरी काढून ६ आणि १४ मधे मोजलं. गाडी कोरडी असताना ६० ला थोडं वर. मग एबीएसच्या युनिटच्या बाजूला बाटलीने थोडं पाणी मारलं, जरा थांबलो, पुन्हा मोजलं तर आकडा नाचायला लागला, ६०, ८०, आणि मग सरळ १२०. कनेक्टर खोलला तर आतल्या दोन-तीन पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं आणि रबरी सील एका बाजूला चिरलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून वाळवलं, सील नवीन घातलं. परत पाणी मारलं, ६० वर ठाम. गाडी दोनदा धुतली, काटा जागेवर, एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे गेले.

फक्त स्टिअरिंगचा दिवा अजून चालूच. हे मॉड्यूल खरंच गेलं की काय?

बिटबायट

म्हणजे दुसऱ्या टोकाचा रेझिस्टर एबीएसच्या पोटात होता. त्यामुळे तो नुसता गप्प व्हायचा असं नाही, बसचं टोकही उघडं पडायचं आणि सिग्नल तिथून आपटून परत यायचे. इंजिन चालू राहत होतं कारण छोट्या बसवर एका रेझिस्टरवर बाकीच्यांचं कसंबसं निभतं.

जुना वायरमन

शाब्बास. मॉड्यूलला हात लावू नका. तुम्ही मोजण्यासाठी बॅटरी काढली होती ना, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर त्यामुळे आपली मधली जागा विसरतो. गाडी सपाट जागी चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, मग सरळ करून थोडं अंतर चालवा. नाही गेला तर स्कॅनरमधून कोड पुसून कॅलिब्रेशन करून घ्या.

स्टेपनी

काका, गेला! धन्यवाद सगळ्यांना.

मधलीसुट्टी

त्या कनेक्टरमधे ग्रीस भरून टाकलं तर पाणी जाणारच नाही ना परत?

जुना वायरमन

डायइलेक्ट्रिक ग्रीस असेल तर सीलच्या रबराला पातळ हात फिरवा, बास. पिनांच्या भोकात कोंबू नका, आणि साधं बेअरिंगचं ग्रीस तर तिकडे नेऊच नका, रबर फुगतं. आणि हो, पुढेमागे त्या दोन तारा कापून जोडायची वेळ आली तर पीळ सोडवून लांब मोकळ्या ठेवू नका, जोडाच्या अगदी जवळपर्यंत पीळ परत घाला. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि फरक काढताना उडून जातो.